दोन तिकिटांच्या मधले तीन तास

मुंबई विमानतळावर बेल्टपाशी मी उभी होते. आईची बॅग लांबूनही ओळखू यावी म्हणून तिच्या मुठीला लाल नाडी बांधली होती, आणि समोरून सरकणाऱ्या प्रत्येक बॅगेवर मी ती नाडी शोधत होते. आई दाराजवळ व्हीलचेअरवर बसलेली. नागपूरहून आमचं विमान १२.०५ ला पोहोचायचं होतं, ते १२.५५ ला पोहोचलं. पुढचं मंगळूरचं विमान २.५५ चं, दुसऱ्या कंपनीचं आणि दुसऱ्या टर्मिनलवरून. तिकिटं काढताना मध्ये दोन तास पन्नास मिनिटं दिसत होती आणि मला ती भरपूर वाटली होती. बॅग आली १.३२ ला. टॅक्सी मिळेपर्यंत पावणेदोन झाले. दुसऱ्या टर्मिनलच्या काउंटरपाशी पोहोचलो तेव्हा २.१२ झाले होते आणि काउंटर १.५५ लाच बंद झालं होतं. विमान अजून त्रेचाळीस मिनिटं जागेवरच उभं राहणार होतं, पण आम्हाला घेऊन जाणार नव्हतं.

वेगवेगळी तिकिटं काढून आमचे दोघींचे मिळून ३,८०० रुपये वाचले होते. दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं १४,६०० ला पडली, हॉटेल वेगळं. पहिल्या कंपनीने आम्हाला मुंबईला आणून सोडलं होतं, उशिरा का होईना. दुसऱ्या कंपनीचं विमान अगदी वेळेवर सुटलं. मधल्या वेळेची जबाबदारी दोन्हींपैकी एकाही कंपनीकडे नव्हती. ती मी घेतली होती, आणि तिकीट काढताना ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात पीएनआरपासून, म्हणजे तिकिटावरच्या बुकिंग क्रमांकापासून करू. नागपूर–मुंबई–मंगळूर असा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर तो कंपनीच्या लेखी एक प्रवास असतो. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं हुकलं तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवून द्यायचं काम कंपनीचं. सामानाला नागपूरलाच मंगळूरचा टॅग लागतो. पण पीएनआर दोन झाले की प्रवासही दोन होतात, आणि दुसऱ्या प्रवासाच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेला किंवा न आलेला प्रवासी असता. दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची असली तरी हे बदलत नाही. अशा वेळी काउंटरवरचा माणूस मदत करू शकतो, बऱ्याचदा करतोही, पण ती त्याची भलाई झाली, आपला हक्क नव्हे.

फसगत होते ती ॲपवर. हल्ली बुकिंगची ॲप्स दोन कंपन्यांची विमानं जोडून एकाच ओळीत दाखवतात. भाडं एक, पैसे एकदाच कापले जातात, मेलही एकच येतो. आपल्याला वाटतं तिकीट एकच आहे. पैसे भरण्याआधी त्या पर्यायावर बोट ठेवून पूर्ण तपशील उघडा. ‘सामान पुन्हा जमा करावं लागेल’, ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं काही लिहिलेलं दिसलं, किंवा दोन टप्प्यांना दोन कंपन्यांची नावं दिसली, तर थांबून नीट वाचा. तिकीट हातात आल्यावर सहा अक्षरांचे पीएनआर किती आहेत ते मोजा. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर त्याला सरळ विचारा, ‘पीएनआर एक आहे की दोन?’ आणि त्याच फोनवर आणखी एक सांगा, दोन्ही तिकिटांवर संपर्क क्रमांक माझा टाका. नाहीतर वेळ बदलल्याचा मेसेज एजंटच्या मोबाइलवर जाऊन पडतो आणि आपल्याला विमानतळावर पोहोचल्यावर कळतं.

वेळा खरोखरच बदलतात. आपल्याकडे विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. फेब्रुवारीत एप्रिलची तिकिटं काढली असतील तर मधल्या काळात दोन्हीपैकी एक वेळ सरकण्याची शक्यता बरीच असते. एका पीएनआरवर असं झालं तर कंपनीच दुसरा टप्पा जुळवून देते. दोन पीएनआरवर एक विमान दीड तास पुढे गेलं तरी दुसऱ्या कंपनीला त्याची गंधवार्ता नसते. म्हणून दर पंधरा दिवसांनी दोन्ही तिकिटांच्या वेळा कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहायच्या. पाच मिनिटांचं काम आहे.

सरकारी नियम काय म्हणतात तेही माहीत असू द्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा असतो. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा प्रश्न अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई नाही. जोडविमान हुकल्याचा उल्लेखही या नियमांत आहे, पण तो एकाच तिकिटावरच्या जोडविमानाचा. तुमचं पहिलं विमान दोन तास उशिरा आलं आणि त्यापायी दुसऱ्या कंपनीचं दहा हजारांचं तिकीट वाया गेलं, तर त्या दहा हजारांसाठी या नियमांत जागा नाही. एक मात्र लक्षात ठेवा, आणि हे फार थोडे लोक मागतात: हुकलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, अगदी ‘नो शो’ झालात तरी. स्वस्त तिकिटात हा वाटा चांगला भरतो. अर्ज करा.

आता मुख्य प्रश्न, मध्ये किती वेळ ठेवायचा?

लोक पहिल्या विमानाच्या वेळेपासून पुढे मोजत जातात. मी आता उलटं मोजते, दुसऱ्या विमानापासून मागे. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात चेक-इनचं काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. सामान टाकायचं असेल तर तुमची खरी वेळ उड्डाणाची नसते, काउंटर बंद होण्याची असते. आमचं विमान २.५५ चं होतं, म्हणजे आमच्यासाठी ते १.५५ चं. तिथून मागे या. काउंटरपुढची रांग २० मिनिटं. टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात, ती रांग १० मिनिटं. एका टर्मिनलवरून दुसऱ्याला जाणं, गाडी मिळण्यासकट, ४५ मिनिटं. विमानाचं दार उघडल्यापासून बॅग हातात येईपर्यंत ४० मिनिटं. बेरीज झाली एक तास पंचावन्न मिनिटं. म्हणजे पहिलं विमान १२ वाजताच लागायला हवं होतं, आणि यात उशिरासाठी एक मिनिटही धरलेलं नाही. त्या दिवशी आमचं विमान वेळेवर आलं असतं तरी आम्ही जेमतेम पोहोचलो असतो. माझी चूक अशी तिकिटं काढतानाच झाली होती.

उशिरासाठी मी दीड तास धरते. माझा हिशेब आता असा आहे: टर्मिनल एकच आणि खांद्यावर फक्त केबिन बॅग असेल तर अडीच तास. टर्मिनल एकच पण सामान टाकलेलं असेल तर साडेतीन. टर्मिनल बदलायचं असेल तर साडेचार ते पाच. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर प्रत्येकात आणखी अर्धा तास. आणि दुसरं विमान त्या गावाचं त्या दिवसाचं शेवटचं असेल, किंवा तिकडे आठवड्यातून दोन-तीनदाच विमान जात असेल, तर तासांचा हिशेब सोडा आणि आदल्या दिवशी पोहोचा. लग्न, मुंज, परीक्षा, मुलाखत, डॉक्टरांची वेळ यांनाही हेच लागू.

टर्मिनल म्हणजे काय प्रकरण आहे हे गावाकडून येणाऱ्याला एकदा समजावून सांगायला हवं. मुंबईचं टी-१ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. धावपट्ट्या त्याच, पण एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला रस्त्यावर उतरावं लागतं आणि तिथली संध्याकाळची वाहतूक कुणाचं ऐकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हापासून दोन्ही टर्मिनलना स्वतःचं स्थानक आहे आणि मध्ये फक्त सहार रोड. पाठीवर सॅक असलेल्या माणसाने मेट्रोच घ्यावी. दोन मोठ्या बॅगा आणि आई असेल तर टॅक्सी. दिल्लीत टी-२ आणि टी-३ शेजारी आहेत, चालत जाता येतं, पण टी-१ पार वेगळ्या बाजूला आहे. शिवाय कोणती कंपनी कुठून उडते हे कायमचं नसतं. दिल्लीचं टी-२ एप्रिल २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं, तिथली विमानं दुसरीकडे हलली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी ते पुन्हा उघडलं. त्यामुळे ‘मागच्या वेळी तर इथूनच गेलो होतो’ यावर विसंबू नका. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही तिकिटांवरचं टर्मिनल पुन्हा वाचा.

त्याहून मोठा घोळ आता शहराच्या नावात आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. ॲपवर ‘मुंबई’ शोधलं की दोन्ही विमानतळ दिसू शकतात, आणि उलव्याहून सहारला यायचं म्हणजे पाऊण मुंबई ओलांडायची. गोव्यात हे जानेवारी २०२३ पासूनच आहे. दाभोळी दक्षिणेत वास्कोजवळ, मोपा उत्तरेत पेडण्यात, मध्ये सुमारे साठ किलोमीटर. तिकिटावर शहराच्या नावापेक्षा तीन अक्षरी खूण पाहा: दाभोळीची जीओआय, मोपाची जीओएक्स. मुंबईची बीओएम, नवी मुंबईची एनएमआय. दोन तिकिटांवरच्या या खुणा जुळत नसतील तर मध्ये निदान सात-आठ तास हवेत, आणि मला विचाराल तर ते तिकीट काढूच नका.

सामान हा या सगळ्याचा कणा आहे. केबिन बॅग असलेला माणूस विमानातून उतरतो, आणि दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवर असली व पुढचा बोर्डिंग पास वेब चेक-इन करून आधीच मोबाइलमध्ये घेतलेला असला, तर मोठ्या विमानतळांवर त्याला बाहेर न पडताही ट्रान्सफरच्या वाटेने पुन्हा सुरक्षा तपासणी करून गेटवर जाता येतं. त्याच्यासाठी काउंटर बंद झालं तरी गेट उघडं असतं. एका फटक्यात त्याचा तासभर वाचतो. म्हणून दोन तिकिटांचा प्रवास करायचा असेल तर सात किलोत बसवा. आमच्या घरी हे अडतं ते लिंबाच्या लोणच्यावर. तिखट, तेलकट लोणचं केबिनमधून नेऊ देत नाहीत, म्हणून एका बरणीसाठी सबंध बॅग खाली टाकावी लागते. आईला मी हा हिशेब करून दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘मग संत्रा बर्फी नेऊ या.’ पण मंगळूरच्या मुलीकडे जायचं आणि लोणचं न्यायचं नाही हे तिला पटलेलं नव्हतं, ते दिसत होतं.

सामान टाकायचंच असेल तर दोन गोष्टी. दोन्ही कंपन्यांची वजनाची मर्यादा पाहा आणि जी कमी असेल तीच आपली माना. नाहीतर दुसऱ्या काउंटरवर, घड्याळ धावत असताना, जादा वजनाचे पैसे भरायची रांग लागते. आणि पॉवर बँक चुकूनही त्या बॅगेत ठेवू नका. ती काढायला तुम्हाला परत बोलावलं तर ठेवलेली सगळी सवड तिथेच संपते.

व्हीलचेअरचंही असंच. एका पीएनआरवर ती सेवा पुढच्या विमानापर्यंत जोडून मिळते. दोन पीएनआरवर पहिल्या कंपनीचा मदतनीस तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो, तिथून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपर्यंतचा रस्ता तुमचा. दोन्ही तिकिटांवर व्हीलचेअरची मागणी वेगवेगळी नोंदवा. एकट्या आजी-आजोबांना असा प्रवास करायला लावू नका, त्यात कितीही पैसे वाचत असले तरी.

ऋतूचा विचार तिकीट काढतानाच करायला हवा. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं, आणि सकाळी कुठेतरी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. म्हणून पहिला टप्पा सकाळचा निवडावा. पण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर दिल्ली, लखनौ, वाराणसी, अमृतसर या पट्ट्यात नेमकं सकाळीच धुकं असतं. तिथून बदलायचं असेल तर दुपारची वेळ बरी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जोराचा पाऊस आला की वर विमानांची रांग लागते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी या धावपट्ट्या ठरवून काही तास बंदही ठेवतात, त्याच्या तारखा आधी जाहीर होतात. कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा लहान विमानतळांवर ढग खाली आले की विमान उतरूच शकत नाही, आणि दुसरं विमान दुसऱ्याच दिवशी. लेहची बहुतेक विमानं सकाळी जातात, कारण दुपारनंतर तिथे वारा सुटतो. छत्रपती संभाजीनगरहून लेहला जायचं तर दिल्लीत रात्र काढायचीच, असं धरून चाला. ती रात्र मोकळ्या मनाने खर्चात लिहा.

निघायच्या दिवशी फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते पाहा. फलकावर ‘वेळेवर’ लिहिलेलं असतं आणि विमान अजून इंदूरलाच उभं असतं, असं होतं. उशीर होणार हे पहिल्या विमानात बसण्याआधी कळलं तर ती अर्धी सुटका आहे, कारण दुसऱ्या तिकिटाची तारीख किंवा वेळ उड्डाणाच्या काही तास आधीपर्यंत शुल्क भरून बदलता येते. त्यानंतर ते तिकीट ‘नो शो’ होतं आणि हातात फक्त कर उरतात. म्हणून ‘बघू, पोहोचू कदाचित’ म्हणत बसू नका. दुसऱ्या कंपनीचा क्रमांक, पीएनआर आणि बदलाच्या शुल्काचा आकडा घरून लिहूनच निघा, म्हणजे नागपूरच्या गेटसमोर उभं राहून दोन मिनिटांत निर्णय घेता येईल. दुसरं तिकीट जाण्या-येण्याचं एकत्र असेल तर आणखी सावध राहा. जाताना न बसल्यास काही कंपन्यांत परतीचा टप्पाही आपोआप रद्द होतो. जाणं हुकतंय असं दिसताच फोन करून ‘परतीचं तिकीट चालू ठेवा’ असं सांगून नोंद करून घ्या. अशा प्रवासात मी परतीचं तिकीट वेगळंच काढते.

विम्याचा पर्याय ॲपवर पैसे भरताना समोर येतोच. घ्यायला हरकत नाही, पण जोडविमान हुकल्याची भरपाई वेगळ्या पीएनआरना लागू आहे का आणि किती तासांच्या उशिरानंतर, एवढी दोन वाक्यं पॉलिसीत शोधून मगच घ्या.

इतकं सगळं असूनही कधीकधी दोन तिकिटंच काढावी लागतात. स्टार एअर, फ्लाय९१ सारख्या प्रादेशिक कंपन्यांनी लहान गावांना विमानं दिली आहेत, पण तिथून पुढे देशभर नेणारं एकच तिकीट दर वेळी मिळत नाही. जळगावहून पुण्याला यायचं आणि पुण्याहून दुसऱ्या कंपनीने पुढे जायचं, हा चांगला मार्ग आहे. अशा वेळी मी एकच हिशेब करते. एका पीएनआरचं तिकीट मिळत असेल तर त्याच्या आणि दोन तिकिटांच्या भाड्यात किती फरक आहे ते पाहते. मग प्रवासाच्या दिवशीच ऐनवेळी दुसरं तिकीट काढायला लागलं तर किती पडेल, ते आजच्याच तारखेचं भाडं शोधून पाहते. तो आकडा देण्याची माझी तयारी नसेल तर वाचणारे पैसे माझे नाहीत असं समजते आणि एकच पीएनआर घेते.

पुढच्या महिन्यात आई पुन्हा मंगळूरला जाते आहे. यंदाही पीएनआर दोनच आहेत. नागपूरहून संध्याकाळचं विमान, रात्री पार्ल्याला मामाकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी पुढचं. बॅग खाली टाकायची आहे, मुठीला लाल नाडी बांधून झाली आहे, आणि लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत गुंडाळून आईने ती साड्यांच्या मधोमध ठेवली आहे.